तीनशे ते चौतीसशे : सातपुड्यातल्या आवाजाचा मागोवा

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-मोलगीकडच्या डोंगराळ भागात एकाच पाड्यातली घरंही वेगवेगळ्या टेकड्यांवर असतात. समोरच्या टेकडीवर हाक पोचवायची, तर स्वर लांबवावा लागतो. हवा बारीक, तीक्ष्ण आवाज लवकर शोषते. किलोमीटरभर अंतरात या शोषणामुळे ५०० हर्ट्झचा ध्वनी दोन-तीन डेसिबलनेच घटतो, ४,००० हर्ट्झचा मात्र वीसहून अधिक. त्यामुळे ‘आ’, ‘ओ’ पल्याड पोचतात आणि ‘स’, ‘ट’, ‘क’ वाटेतच विरतात. पुढे तार आली, रेडिओ आला, मोबाइल आला. प्रत्येकाने आवाजाला आपली गाळणी लावली. तिच्यातून शब्द किती उतरला, हे पाहण्यासारखं आहे.

टेलिफोनची गाळणी ठरली ती अमेरिकेत. बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकापासून माणसांना निरर्थक अक्षरं ऐकवून त्यांतली किती ओळखता येतात ते मोजलं. १९४७ मध्ये फ्रेंच आणि स्टाइनबर्ग यांनी दाखवलं, की आवाजाचा १,९०० हर्ट्झच्या खालचा भाग दिला काय किंवा फक्त वरचा दिला काय, अक्षरं जवळपास सारखीच ओळखू येतात. बोलण्याचा जोर मुख्यतः खालच्या भागात असतो. वरचा भाग क्षीण असूनही ओळखीचं निम्मं काम करतो. तरीही एका तारेवर अनेक संभाषणं बसवायची, तर प्रत्येकाला थोडीच जागा देता येत होती. म्हणून ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढा पट्टा जगभर रूढ झाला. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने सेकंदाला ८,००० नमुने घेण्याची पद्धत ठरवली आणि तोच पट्टा डिजिटल युगातही कायम राहिला.

मराठीला ही कात्री नेमकी कुठे लागते? ‘श’चा बराचसा ध्वनी अडीच हजार हर्ट्झपासून सुरू होतो, म्हणून तो फोनवर तगतो. ‘स’चा मुख्य जोर चार हजारांच्या वर, म्हणजे पट्ट्याबाहेर. ‘साठ’मधला ‘स’ पुसट झाला की ‘आठ’ ऐकू येऊ शकतं. रक्कम, वजन किंवा औषधाची मात्रा सांगताना हा फरक लहान नसतो. ‘स सशाचा’ असं फोडून सांगण्याची सवय लागली ती यामुळेच.

१९८४ मध्ये सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेची स्थापना झाली. वातानुकूलनाशिवाय चालणारी तिची छोटी एक्स्चेंजं देशभरच्या खेड्यांत पोचली, त्यामागून एसटीडी-पीसीओचे पिवळे फलक आले. मध्यम लहरींच्या रेडिओला फोनपेक्षा थोडा रुंद, सुमारे साडेचार हजार हर्ट्झपर्यंतचा पट्टा मिळे. शिवाय निवेदक सावकाश आणि स्पष्ट बोलत, त्यामुळे बातम्या फोनपेक्षा बऱ्या कळत.

मोबाइलने अडचणीचं रूप बदललं. जीएसएम फोन आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतो. रेंज क्षीण झाली की अख्खे तुकडे गळतात आणि मधलं अक्षरच नाहीसं होतं. २०२० मध्ये तोंडावर मास्क आला, तीही एक गाळणीच. साधा सर्जिकल मास्क वरच्या पट्टीतला आवाज तीन-चार डेसिबलने, तर एन-९५ सुमारे बारा डेसिबलपर्यंत कमी करतो. त्यात ओठही झाकलेले, म्हणजे पाहून अंदाज बांधण्याची सोयही गेली.

४जीवरच्या कॉलमध्ये ५० ते ७,००० हर्ट्झचा आवाज जाऊ शकतो, म्हणजे ‘स’ परत मिळतो. पण दोन्ही फोन आणि मधलं जाळं, सगळंच त्या तोडीचं हवं. एक टोक २जीवर असलं की जुना पट्टा परत येतो. १७ नोव्हेंबर २०२१ रोजी केंद्राने महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांमधल्या ७,२८७ गावांसाठी ४जी योजना मंजूर केली. नंदुरबारही २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे.

या साऱ्या काळात गाळलेला आवाज चालून गेला, कारण गळालेलं अक्षर ऐकणारा मनाने भरून काढतो. ते भरायला भाषा अंगवळणी पडलेली लागते. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अनेकांच्या घरी भिली, पावरी, वसावी किंवा मावची बोलली जाते आणि कचेरी, दवाखाना, बँक इथे मराठी. दुसऱ्या भाषेत ऐकणाऱ्याला शांत खोलीत सगळं समजतं. आवाज कापला गेला की घरच्या भाषेत ऐकणाऱ्यापेक्षा त्याचं नुकसान जास्त होतं. ज्यांच्याकडे रेंज सर्वांत कमी, त्यांच्याच वाट्याला हे दुहेरी नुकसान आलं आहे.

म्हणून टॉवर उभा राहिला की काम संपलं, असं मानू नये. रुग्णवाहिकेच्या १०८ ला आलेला फोन असो की बँकेचा, आकडा एकेक अंक सुटा करून सांगावा, समोरच्याकडून तो परत म्हणवून घ्यावा आणि शक्य तिथे त्याच्या घरच्या बोलीत बोलणारा माणूस फोनवर बसवावा. यासाठी नव्या यंत्राची वाट पाहावी लागत नाही.