सुरमेच्या खोऱ्यात उतरलेली पलटण
युद्ध समजून घेताना : भाग ७

सीनेला पूर आला की पलीकडचं गाव नुसतं बघत बसायचं. पुलावर पाणी, होडी घालायची सोय नाही. सोलापूरकरांवर ही वेळ कधीतरीच येते; पूर्व बंगालात लढणाऱ्या फौजेवर रोज येत होती. नदी, पाणथळ, पुन्हा नदी, आणि माघार घेणारा शत्रू पूल उडवून जाणार.

मागच्या भागात ११ डिसेंबर १९७१ ची टांगाईलची उडी पाहिली. सेकंड पॅरा, म्हणजे मराठा पलटण, पॅराशूटने उतरली. तिच्या चार दिवस आधी ईशान्येला, सुरमा नदीच्या खोऱ्यात, सिल्हेटजवळ एक अख्खी पलटण हेलिकॉप्टरने उतरवली गेली. भारतीय सैन्याची ही अशा प्रकारची पहिली मोहीम. पलटण गुरख्यांची, फोर-फाइव्ह गोरखा रायफल्स. तिचे प्रमुख मात्र मराठी, लेफ्टनंट कर्नल अरुण हरोलीकर.

पॅराशूटने उतरलेले जवान वाऱ्याने विखुरतात, आधी एकमेकांना शोधतात. हेलिकॉप्टर तुकडीला हत्यारांसकट एका जागी ठेवतं आणि परतताना जखमींना नेऊ शकतं. पण तेव्हाची रशियन बनावटीची एमआय-४ एका खेपेला डझनभर जवानच नेत. म्हणजे पलटण येणार हप्त्याहप्त्याने, आणि आवाजाने सारा मुलूख जागा करत. पहिल्या खेपेचे जवान मूठभर असतात तेव्हाच शत्रूला हल्ल्याची सर्वांत चांगली संधी असते. शिवाय मोठ्या तोफा सोबत नसतात. त्यांचं काम लढाऊ विमानांनी करायचं, आणि रस्त्याने येणाऱ्या फौजेने लवकर येऊन हात द्यायचा. हेलिकॉप्टर दिसायला कितीही झोकदार असो, या मोहिमेचा जीव त्या पायी येणाऱ्या फौजेत असतो.

योजना चौथ्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांची. गोवा मुक्तीच्या वेळी १९६१ मध्ये पणजी गाठणारी पॅरा ब्रिगेड त्यांचीच होती. वाट अडली तर दुसरी शोधायची, वरून विचारणा होण्याआधीच निघायचं, असा माणूस. हेलिकॉप्टरांची बाजू ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांनी सांभाळली. सिल्हेटमधली पाकिस्तानी फौज बरीचशी निघून गेल्याची खबर होती. ७ डिसेंबरच्या दुपारी कुलाउऱ्याहून पहिली खेप उडाली आणि मिरापाडा इथे उतरली.

खबर चुकीची होती. फौज तिथेच होती, आणि मौलवीबाजारची ब्रिगेडही माघार घेऊन सिल्हेटलाच येत होती. आटग्राम आणि गाझीपूरच्या लढायांत पलटण आधीच झिजली होती. गाझीपूरला उपप्रमुख मेजर श्याम केळकर धारातीर्थी पडले होते. आता जेमतेम चारशे जवान हजारोंसमोर उभे. रस्त्याची फौज अठ्ठेचाळीस तासांत पोहोचणार होती. ते तास उलटले, दिवसही उलटले.

केळकरांच्या जागी आलेले मेजर इयान कार्डोझो मूळचे मुंबईचे. त्यांनी पुढे सांगितलेली हकिगत अशी: बीबीसीने बातमी दिली की सिल्हेटला गुरख्यांची ब्रिगेड उतरली आहे. ब्रिगेड म्हणजे साधारण तीन पलटणी. रेडिओ आपल्याकडे होता तसा पलीकडेही होता. मग ठरलं, ब्रिगेडच व्हायचं. माणसं पातळ पसरली, मोर्चे लांबवर नेले, मधल्या मोकळ्या जागा गस्त आणि गोळीबाराने भरल्या.

एरवी अशा विरळ फळीला कोणताही प्रशिक्षक नापास करील. एकाच ठिकाणी जोराचा धक्का बसला असता तर ती फाटली असती. पण समोरच्याने ब्रिगेडचा हिशेब धरला होता, त्यामुळे त्याचा हात आखडला. एका खोट्या खबरीने पलटणीला अडकवलं होतं, दुसरीने तगवलं. दिवसा विमानांचे हल्ले होत राहिले, तो आधार वेगळा. पलटणीला माणसं गमवावी लागलीच.

१५ डिसेंबरला पांढरी निशाणं आली. आलेल्यांनी ब्रिगेड कमांडर कुठे आहेत, अशी चौकशी केली. ते तिथे नव्हतेच! ब्रिगेडियर क्विन यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं, आणि मग शरणागती झाली. शस्त्रं ठेवणाऱ्यांत तीन ब्रिगेडियर आणि सहा हजारांहून अधिक सैनिक होते. हरोलीकरांना महावीर चक्र मिळालं. कार्डोझोंचा पाय सुरुंगाने गेला. लोंबणारा भाग त्यांनी स्वतःच्या खुकरीने तोडला.

पुढच्या आठवड्यात मेघना. हेलिकॉप्टरं हीच, नदी मात्र कितीतरी रुंद, आणि आशुगंजचा पूल उडालेला.