संगणकाचा पहिला शब्द

गेल्या पावसाळ्यात पनवेलला बारावीची दोन मुले आणि आम्ही एक लहान संगणक-बोर्ड टेबलावर मांडून बसलो होतो. त्याच्या फ्लॅश स्मृतीत आम्हीच फेरफार केलेला बूटलोडर भरला होता. बटण दाबताच पडद्यावर विचित्र चिन्हांची रांग उमटली आणि सारे थांबले. "बोर्ड जळला," मुले म्हणाली. तो जळला नव्हता. काहीतरी सांगत होता, पण ते आम्हाला वाचता येत नव्हते.

बूटलोडर ही संगणक सुरू होताना अगदी आधी चालणारी छोटी आज्ञावली. त्या वेळी पडदा, डिस्क, इतकेच काय रॅमही तयार नसते. काही अडले तर सांगायला एकच वाट असते, ती म्हणजे सीरियल कन्सोल. एक तार पाठवण्याची, एक घेण्याची, एक समाईक.

घड्याळाचे ठोके नेणारी तार मात्र नसते. दोन्ही टोकांनी वेग आधी ठरवायचा, बहुधा सेकंदाला १,१५,२०० बिट, आणि आपापल्या घड्याळाने मोजायचे. प्रत्येक अक्षराआधी तारेवर एक आरंभ-बिट येतो. तिथून मोजायला लागून घेणारा प्रत्येक बिटाच्या मध्यावर डोकावतो. अक्षराचे आठ बिट, मग अंत-बिट. अंत-बिटाचा मध्य येतो आरंभापासून साडेनऊ बिटांवर. तिथवर चूक अर्ध्या बिटाच्या आत हवी, म्हणजे सुमारे ५ टक्के. दोन घड्याळे विरुद्ध दिशांनीही चुकू शकतात, म्हणून प्रत्येकाने २ टक्क्यांच्या आत राहिलेले बरे. पुढच्या अक्षराला मोजणी नव्याने सुरू होते, त्यामुळे चूक साठत नाही. युक्ती जुन्या टेलिप्रिंटरचीच आहे.

बोर्डाचा वेग बूटलोडर भागाकाराने ठरवतो. समजा, सीरियल चिपला ४८ मेगाहर्ट्झचे घड्याळ मिळते. एका बिटासाठी चिप १६ ठोके मोजते. ४,८०,००,००० ला १६ ने भागले की ३०,००,००० येतात. त्याला १,१५,२०० ने भागले की २६.०४. भाजक पूर्णांकच लागतो, म्हणून २६ लिहायचे. चूक ०.१६ टक्के, सहज चालते. आठवीच्या गणितापलीकडचे यात काही नाही.

१६५५० जातीच्या चिपमध्ये एक गंमत आहे. भाजक लिहिण्याचा आणि अक्षर पाठवण्याचा पत्ता एकच! त्यातले कोणते काम चालू आहे, हे दुसऱ्या रजिस्टरमधला एक बिट ठरवतो. भाजक लिहून झाल्यावर तो बिट पूर्ववत करायला विसरलो, तर पुढची अक्षरे तारेवर न जाता भाजकाच्या जागी जाऊन बसतात. बाहेर चिडीचूप.

यू-बूट हा सर्वांना खुला असलेला बूटलोडर आधी जतन केलेला वेग शोधतो, नसल्यास आज्ञावलीतला घेतो, मग चिप सज्ज करतो आणि त्यानंतर रॅमकडे वळतो. तक्रार करायची तर तोंड आधी हवे.

टेबलावर हे निभावते. पण नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची अलिबागची वेधशाळा घ्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय मोजमापे १९०४ मध्ये तिथे नेली. वेधशाळांच्या नोंदी आता संगणक ठेवतात. १० मे २०२४ च्या रात्रीसारखे चुंबकीय वादळ चालू असताना एखादे नोंदणीयंत्र बंद पडले, पुन्हा सुरू होईना आणि कारणही सांगेना, तर ती रात्र पुन्हा मोजता येत नाही.

आमच्या बोर्डाची चूक आमच्या हिशेबात निघाली. ४८ मेगाहर्ट्झ धरून आम्ही २६ लिहिले होते. चिपला मिळत होते २४. वेग निम्मा झाला होता, ५७,६९२. मुलांनी टर्मिनलचा वेग ५७,६०० केला आणि बोर्ड पुन्हा चालू केला. मेमरी कार्ड सापडत नाही, असे सरळ इंग्रजी वाक्य समोर आले. कार्ड खाचेत नीट बसलेच नव्हते.