विद्युत कीटकमारक

विद्युत कीटकमारक हे उच्च दाबाच्या विजेने उडते कीटक मारणारे घरगुती उपकरण आहे. भिंतीवर टांगावयाचा किंवा टेबलावर ठेवावयाचा दिवा आणि हाती धरावयाची जाळीदार रॅकेट (बोलीभाषेत ‘डास मारायची बॅट’) हे त्याचे दोन प्रमुख प्रकार होत. त्यात रासायनिक कीटकनाशक नसल्यामुळे ते पूर्णतः निर्धोक असल्याचा समज आढळतो; तथापि विजेचा धक्का, आग आणि अन्नाचे दूषित होणे हे धोके त्याच्याशी निगडित आहेत.

इतिहास

विजेच्या दिव्याभोवती तारांची जाळी बसविलेल्या माशीच्या सापळ्याचे वर्णन ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या अमेरिकी मासिकात १९११ साली आले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील परोपजीवीशास्त्राचे प्राध्यापक विल्यम ब्रॉडबेक हर्म्स यांनी १९३४ मध्ये विकसित केलेले यंत्र पुढील उपकरणांना आदर्शवत ठरले. रॅकेटचा प्रसार विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला.

रचना व कार्य

दिव्याच्या प्रकारात सुमारे ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांकडे कीटक आकर्षित होतात. दिव्याभोवतीच्या जाळीतील शेजारच्या तारांत काही मिलिमीटर अंतर असते व त्यांच्यात दोन हजार किंवा अधिक व्होल्टचा विद्युतदाब असतो. कीटक त्या अंतरात शिरताच त्याच्या शरीरातून विद्युतमंडल पूर्ण होते व तो मरतो. रॅकेटमध्ये बॅटरीचा अल्प दाब इलेक्ट्रॉनिक मंडलाने वाढवून धारित्रात (कपॅसिटर) साठविला जातो. त्यामुळे बटण सोडल्यावरही जाळीत काही काळ विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

विजेचा धक्का

दाब मोठा असला तरी या उपकरणांतील प्रवाह व ऊर्जा मर्यादित ठेवलेली असते. म्हणून सुस्थितीतील रॅकेटचा धक्का वेदनादायक असला, तरी निरोगी प्रौढ व्यक्तीस तो सहसा गंभीर इजा करीत नाही. याहून मोठा धोका घरातील २३० व्होल्टच्या पुरवठ्याचा असतो. अनेक स्वस्त रॅकेटांच्या चार्जिंग मंडलात मुख्य पुरवठ्यापासून अलग ठेवणारे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) नसते. अशी रॅकेट सॉकेटमध्ये असताना वापरल्यास किंवा तिचे आवरण फुटलेले असल्यास मुख्य पुरवठ्याचा प्राणघातक धक्का बसू शकतो. घरगुती कीटकमारकांच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६०३३५-२-५९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

आगीचा धोका

कीटक जळताना ठिणगी उडते. स्वयंपाकाचा गॅस गळत असल्यास, अथवा ज्वालाग्राही वायूच्या दाबाने उडणारा कीटकनाशक फवारा नुकताच मारलेला असल्यास, ही ठिणगी स्फोटास पुरेशी ठरते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचून राहतो. २०२० साली फ्रान्समधील दोर्दोन्य विभागात गॅसगळती असलेल्या घरात विद्युत रॅकेटने माशी मारताना स्फोट होऊन स्वयंपाकघर उद्ध्वस्त झाले होते.

आरोग्यविषयक बाबी

उच्च दाबाने कीटकाच्या शरीराचे बारीक तुकडे होऊन ते हवेत उडतात. माशीच्या अंगावरील जीवाणू व विषाणू या तुकड्यांबरोबर पसरू शकतात, असे कॅन्सस स्टेट विद्यापीठातील प्रयोगांत आढळले. अमेरिकेच्या अन्नसंहितेनुसार असे उपकरण अन्न तयार करण्याच्या जागेच्या वर बसविता येत नाही. फ्लुरोसंट नळीच्या दिव्यात अल्प पारा असतो. ती फुटल्यास खोलीत हवा खेळती ठेवून तुकडे हाताने न उचलता गोळा करावे लागतात.

परिणामकारकता

डेलावेअर विद्यापीठातील संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घराबाहेरील सापळ्यांत मेलेल्या १३,७८९ कीटकांपैकी केवळ ३१ चावणारे होते. इतरांत निरुपद्रवी व उपयुक्त कीटकही होते. डासाची मादी प्रामुख्याने उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड, शरीराची उष्णता व गंध यांच्या आधारे माणसाचा माग काढते. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती हा डास मुख्यतः दिवसा चावतो. त्यामुळे रात्री लावलेल्या दिव्यावर विसंबून राहिल्यास रोगप्रतिबंधाचा खोटा दिलासा मिळतो. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून पाण्याची भांडी रिकामी करणे, खिडक्यांना जाळ्या बसविणे आणि मच्छरदाणी वापरणे हे उपाय अधिक भरवशाचे आहेत.

वापरातील दक्षता

• उपकरण लहान मुलांच्या हाती देऊ नये व त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावे.
• चार्जिंग सुरू असताना रॅकेट वापरू नये. जाळीस किंवा उघड्या पिनांना स्पर्श करू नये.
• गॅसचा वास येत असताना, तसेच फवारा मारल्यानंतर लगेच उपकरण वापरू नये.
• ओटा, जेवणाचे टेबल व पाळणा यांच्यापासून ते दूर असावे.
• स्नानगृहात किंवा पाऊस लागेल अशा जागी घरातील वापरासाठीचे उपकरण लावू नये.
• साफसफाईपूर्वी प्लग काढून काही वेळ थांबावे व कोरड्या ब्रशने जाळी स्वच्छ करावी.
• आवरण तडकलेले, बॅटरी फुगलेली किंवा वायर सोललेली असल्यास उपकरणाचा वापर थांबवावा.