व्याजाच्या बोलीतील अध्याहृत पद

पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी हे पाढे मुखोद्गत करून घेत. रुपयाचे सोळा आणे होते तोवर बाजारात त्यांचा पदोपदी उपयोग होई. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि ते मागे पडले. त्याबद्दल हळहळ वाटते. पण हिशेब येणे निराळे आणि दर कळणे निराळे.

सावकार ‘तीन टक्के’ म्हणतो, तेव्हा ‘दरमहा’ हे पद बहुधा अध्याहृत असते. बँकेच्या ‘बारा टक्क्यां’त ‘दरसाल’ अध्याहृत असते. गरजू मनुष्य आकडा तेवढा ऐकतो आणि तिनाला बारापेक्षा स्वस्त समजतो. दहा हजारांवर सरळव्याजाने वर्षाला पहिल्याचे ३,६०० रुपये होतात, दुसऱ्याचे १,२००. अध्याहृताची चर्चा आपण वर्गात निरुपद्रवी वाक्यांवर करीत असतो. येथे त्या एका पदाचे मोल २,४०० रुपये आहे.

म्हणून प्रौढांच्या वर्गात टक्केवारीची व्याख्या प्रथम सांगू नये. पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी कर्ज काढण्याचा प्रसंग संवादरूपाने मांडावा, आणि प्रत्येक दर ऐकताच विद्यार्थ्याने विचारावे : ‘महिन्याला, की वर्षाला?’ घटत्या बाकीवरील व्याजाचा पाठ त्यानंतरचा.