इंजिन थांबले, तर उतरायचे कुठे?

बिरसी येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधली, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ पासून तो गोंदिया जिल्ह्यात आहे. या धावपट्टीवरून भावी वैमानिक लहान विमाने चालविण्यास शिकतात. त्यांच्या शिक्षणातील एक धडा प्रत्यक्षात कधी वापरावा लागू नये, अशीच सर्वांची इच्छा असते. उड्डाण चालू असताना शिक्षक इंजिनाची शक्ती अचानक कमी करतो आणि विद्यार्थ्याला उतरण्याची जागा शोधण्यास सांगतो.

इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे कोसळते, ही समजूत खरी नाही. एका इंजिनाचे चार आसनी विमान वारा नसताना एक किलोमीटर उंचीवरून सुमारे नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकते. त्यासाठी ठरावीक वेग राखावा लागतो आणि इंजिनाविना तो मिळतो नाक खाली ठेवून, म्हणजे उंची खर्च करून. जमीन जवळ येऊ लागली की माणसाचा हात मात्र नाक वर ओढू पाहतो. तसे केल्यास वेग घटतो, पंखांचा आधार सुटतो आणि विमान खरोखरच कोसळते. ही सहजप्रवृत्ती मोडण्यासाठीच हा सराव पुन:पुन्हा करून घेतात.

वेग साधला की शेत निवडायचे, आणि इथे ऋतूचे ज्ञान लागते. भंडारा-गोंदिया हा धानाचा आणि तलावांचा मुलूख. पावसाळ्यात हिरवीगार, मऊ दिसणारी बांधी, म्हणजे भातखाचर, फसवी असते. चिखलात पुढचे चाक रुतले तर विमान उलटण्याची भीती. कापणीनंतरची कोरडी बांधी बरी, पण तिचे धुरे आडवे येतात. वारा अनुकूल असल्यास त्यांना समांतर उतरावे. उन्हाळी धान घेणाऱ्या गावांत तर शेजारशेजारचे दोन तुकडेही सारखे नसतात.

सर्वांत कपटी तारा. त्या वरून दिसत नाहीत. खांब पाहून ओळखाव्या लागतात. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाहून निघालेले एक प्रशिक्षण विमान वैनगंगेवरील तारेला धडकून कोसळले आणि शिक्षक व विद्यार्थिनी दोघेही मृत्युमुखी पडले. त्या विमानाला दोन इंजिने होती. कमी उंचीवर आडव्या आलेल्या तारेपुढे ती निरुपयोगी ठरली. हा सरावही म्हणूनच जमिनीच्या फार जवळ नेत नाहीत. ठरलेल्या उंचीवर पुन्हा शक्ती देऊन विमान वर घेतात. इंजिन फार गार पडू नये, यासाठी मधूनमधून शक्ती द्यावी लागते, ती वेगळीच.

उड्डाण करताच इंजिन थांबले तर धावपट्टीकडे परत वळण्याचा मोह अनेकांच्या जिवावर बेतला आहे. ४५ अंश कलून, उंची राखत वळताना विमानाला तरंगण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, आणि त्या क्षणी हाती ना वेग असतो ना उंची. समोर जे मिळेल तिथेच उतरावे, असे शिकवितात. टेकण्यापूर्वी इंधनाचा व विजेचा पुरवठा तोडायचा, पट्टे आवळायचे, आणि धक्क्याने दार अडकून बसू नये म्हणून ते किंचित उघडे ठेवायचे.

इंजिनाची शक्ती गेल्यास विमान वाचविणे हे वैमानिकाचे काम उरत नाही. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे, एकटीने उड्डाण करणाऱ्या विद्यार्थिनीचे विमान शक्ती गमावून शेतात उतरले. विमान मोडले, विद्यार्थिनी किरकोळ जखमांवर बचावली.