टाकीवरचं नाव, आतलं इंजिन

अमेरिकेत नवीकोरी, हलकी आणि रस्त्यावर पासिंग होणारी मोटरसायकल सर्वांत कमी पैशांत शोधायला निघालं, की शोध बहुतेक वेळा चिनी गाडीपाशी येऊन थांबतो. टीटी २५०, हॉक २५०, टीबीआर७ अशी नावं समोर येतात. रंग वेगळे, ग्राफिक्स वेगळी, विकणारे वेगळे. टाकीखालचं इंजिन मात्र मुळात एकाच आराखड्याचं: एक सिलेंडर, हवेवर थंड होणारं, पुशरॉडचं, ६७ मिलिमीटर बोअर आणि ६५ मिलिमीटर स्ट्रोक. हिशेब केला तर २२९ सीसी भरतात, टाकीवर २५० लिहिलेलं असतं. म्हणून अशी गाडी निवडताना टाकीवरचं नाव सर्वांत शेवटी पाहावं. आधी इंजिनाचं घराणं, मग गाडीची कागदपत्रं आणि त्यानंतर सुटे भाग कुठून मिळणार हा प्रश्न.

या इंजिनाचं घराणं सुरू होतं होंडाच्या सीजी १२५ पासून. साल १९७६. होंडाकडे त्याआधी १२५ सीसीची चांगली इंजिनं होती, पण त्यांचा कॅमशाफ्ट वर, सिलेंडर हेडमध्ये होता. विकसनशील देशांत या गाड्या कशा वापरल्या जातात ते कंपनीच्या इंजिनिअरांनी पाहिलं. एका गाडीवर तिघं-चौघं बसत, वर पोती लादली जात, रस्ते धुळीचे आणि तेल महिनोन्‌महिने बदललेलं नसे. तेल काळं झालं, कमी पडलं, की पहिला फटका वरच्या कॅमला बसतो. गिऱ्हाइकाला मॅन्युअल वाचायचा उपदेश करण्याऐवजी होंडाने इंजिनच बदललं.

कॅम खाली, क्रँकशेजारी आणला. तिथे तेल आधी पोहोचतं आणि भरपूर पोहोचतं. टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर काढून टाकला. कॅम थेट गिअरवर फिरतो, त्यामुळे चेन सैल पडून टायमिंग सरकण्याची भानगडच उरली नाही. कॅमवर लोब एकच. त्याच लोबवर इनटेक आणि एक्झॉस्ट अशा दोन्ही व्हॉल्व्हचे फॉलोअर टेकतात आणि त्यांच्यावरच्या दोन पुशरॉड वरचे रॉकर हलवतात. तेल गाळायला कागदी फिल्टर नाही. एक जाळी आहे आणि क्रँकसोबत गरगरणारी एक डबी. डबी फिरली की तेलातला गाळ बाहेर फेकला जाऊन तिच्या भिंतीला चिकटतो. टॅपेटची फट ०.०८ मिलिमीटर. ती लावायला फीलर गेज आणि साधी हत्यारं पुरतात. मागची चेन पूर्ण झाकणाऱ्या पेटीत बंद, म्हणजे धूळ-चिखल तिच्यापर्यंत पोहोचत नाही. या प्रत्येक निर्णयामागे गाडीच्या मालकाची खरी परिस्थिती आहे, आणि मला हे इंजिन मोलाचं वाटतं ते याचसाठी.

होंडाने ब्राझीलमध्ये मानाउसला कारखाना काढला तोही १९७६ सालीच, आणि तिथली पहिली गाडी हीच होती. पाकिस्तानात ॲटलस होंडाची सीजी १२५ इतकी रुळली, की नुसतं 'वन टू फाइव्ह' म्हटलं तरी समोरच्याला कळतं. पण या आराखड्याला खरे पाय फुटले ते चीनमध्ये, चोंगचिंग शहरात.

चोंगचिंग हे लष्करी कारखान्यांचं शहर. जपानबरोबरच्या युद्धात पूर्वेकडचे दारूगोळ्याचे कारखाने सुरक्षिततेसाठी आत, इकडे हलवले गेले होते. आर्थिक सुधारणांच्या काळात, १९७९ नंतर, त्यातल्या च्यालिंग आणि च्येनशे या कारखान्यांनी मोटरसायकली बनवायला घेतल्या. च्यालिंगने होंडाशी हातमिळवणी केली, च्येनशेने यामाहाशी. अचूक लेथकाम येणारे हात तिथे होतेच, आता सुट्या भागांचे पुरवठादारही तयार झाले. मग खाजगी उद्योजक आले. त्सुओ झोंगशेन यांचं १९८२ साली मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यातून पुढे झोंगशेन कंपनी उभी राहिली. यिन मिंगशान यांनी राजकीय कैदी म्हणून उमेदीची वर्षं गमावली होती. त्यांनी १९९२ साली, पन्नाशी उलटल्यावर, मूठभर माणसं घेऊन लिफान सुरू केली. त्याच शहरात लोनसिन निघाली. पुढे हीच लोनसिन बीएमडब्ल्यूसाठी इंजिनं बनवू लागली.

या कंपन्यांनी नवं इंजिन शोधलं नाही. होंडाचा आराखडा सर्वांनी ठरलेल्या मापासारखा वापरला. एकजण फक्त क्रँककेस ओततो, दुसरा पिस्टन करतो, तिसरा कार्ब्युरेटर. मापं जुळत असल्याने कोणाचाही भाग कोणाच्याही गाडीत बसतो. किंमत झपाट्याने खाली आली. पण ज्या कारणाने किंमत उतरली त्याच कारणाने दर्जाही उतरला, कारण मूळ आराखडा कोणाचा तरी होता आणि जबाबदारी कोणाचीच नव्हती. २००० सालच्या सुमारास व्हिएतनाममध्ये स्वस्त चिनी गाड्यांचा पूर आला आणि होंडाचा बाजार खचला. २००२ साली होंडाने तिथे कमी किमतीची वेव्ह अल्फा आणली, तेव्हा चिनी गाड्यांच्या तक्रारींना कंटाळलेला ग्राहक तिच्याकडे वळला. खुद्द चीनमध्ये तर होंडाने २००१ साली आपल्या गाड्यांसारख्याच गाड्या बनवणाऱ्या सनडायरो कंपनीबरोबर भागीदारी केली. चिनी गाडी घेणाऱ्याने यातून एवढं ध्यानात ठेवावं, की चांगल्या आराखड्यावर वाईट गाडीही बनते. घराणं पाहून झाल्यावर कारखानाही पाहावाच लागतो.

इंजिनावर ओतीव किंवा कोरीव अक्षरांत एक कोड असतो, तो वाचायला शिकावं. १५६एफएमआय म्हणजे एक सिलेंडर, ५६ मिलिमीटरच्या आसपास बोअर, 'एफ' हवेवर थंड होणारं, 'एम' मोटरसायकलचं, आणि शेवटचं 'आय' १२५ सीसीच्या गटाचं. १६२एफएमजे असेल तर बोअर ६२ मिलिमीटर आणि गट १५० सीसीचा. सुरुवातीच्या एकनंतर 'पी' असला तर सिलेंडर आडवं, होंडाच्या कबसारखं. या कोडवरून इंजिनाचं माप कळतं, आतली रचना कळत नाही. एकाच कोडखाली पुशरॉडचं इंजिन असू शकतं आणि टायमिंग चेनचंही. ते विकणाऱ्याला थेट विचारावं. त्याला उत्तर देता आलं नाही, तर तो पुढे भागही देऊ शकणार नाही.

आता कागदपत्रं. अमेरिकेत एकाच चेहऱ्याची गाडी दोन प्रकारांत विकली जाते, रस्त्यासाठी आणि फक्त शेता-रानात चालवण्यासाठी. नुसते इंडिकेटर, आरसे आणि नंबर प्लेटची जागा असल्याने गाडी रस्त्याची ठरत नाही. सतरा अंकी-अक्षरी व्हीआयएन नंबर हवा. चिनी गाडीचा तो 'एल' ने सुरू होतो, आपल्याकडच्या बजाजचा 'एम' ने. फ्रेमवर ईपीए या अमेरिकी पर्यावरण यंत्रणेच्या प्रदूषण नियमांचं लेबल हवं, आणि कारखान्याच्या ओरिजिन सर्टिफिकेटवर गाडी रस्त्यासाठी असल्याचं नोंदलेलं हवं. कॅलिफोर्नियात आणखी एक पायरी आहे. तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाची मान्यता नसलेली आणि ७,५०० मैलांपेक्षा कमी चाललेली गाडी बाहेरच्या राज्यातून आणली, तर तिचं रजिस्ट्रेशन साधारणपणे होत नाही. पैसे देण्याआधी फ्रेमवरच्या लेबलाचा फोटो मागवावा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच थांबवावा.

मापाची निवड कुठे चालवणार यावर ठरते. कॅलिफोर्नियात १५० सीसीच्या आतली गाडी फ्रीवेवर नेता येत नाही. गावातल्या गावात फिरायचं असेल तर १२५ पुरेशी आहे. तिचं वजन शंभर-सव्वाशे किलोंच्या घरात, ती वळते सहज आणि पडली तर एकट्याने उचलता येते. गावाबाहेर, दोन शहरांमधल्या रस्त्यावर जायचं असेल तर २२९ घ्यावी. टीटी २५०चं वजन साधारण १४० किलो आहे, आपल्याकडच्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० पेक्षा पन्नासेक किलो कमी. ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरला ती समाधानाने चालते. त्यावर रेटलं की थरथर वाढते, कारण एकाच सिलेंडरचा पिस्टन वेगात वर-खाली होत राहतो. वेगमर्यादा ताशी ७० मैल असलेल्या फ्रीवेवर रोज तासभर काढायचा असेल, तर ही गाडी आपली नव्हे, हे स्पष्टपणे मान्य करावं.

गाडी घरी येते ती बऱ्याचदा खोक्यात, अर्धी जोडलेली. पहिलं काम नट-बोल्ट टॉर्क रेंचने आवळणं. मग स्पोक वाजवून पाहणं, चेनचा ढिलेपणा मोजणं, बॅटरी पूर्ण चार्ज करणं. सुरुवातीचं तेल लवकर बदलावं, कारण नव्या गिअरांचा चुरा त्यात उतरलेला असतो. बदलायला जेमतेम लीटरभर तेल लागतं. त्याच वेळी टॅपेट तपासावेत. प्रदूषणाच्या नियमांसाठी कार्ब्युरेटर बऱ्याचदा पेट्रोल कमी, हवा जास्त असा लावलेला असतो, म्हणून थंडीत गाडी चटकन सुरू होत नाही. चोकवर थोडं गरम होऊ द्यावं. यातलं काहीही अवघड नाही, पण यातलं काहीही टाळण्यासारखं नाही.

'चायना माल' म्हणून नाक मुरडण्याची सवय आपल्याकडे आहे. पण आफ्रिकेच्या बाजारात चिनी गाड्यांशी टक्कर घेणारी बजाजची बॉक्सर आपल्याच वाळूजच्या कारखान्यातून जाते, आणि तीही टिकली ती साध्या, दुरुस्त करता येणाऱ्या इंजिनामुळे. केटीएमच्या छोट्या गाड्या चाकणला बनतात, तर ७९० चीनमधल्या हांगचौच्या सीएफमोटोकडे. २००५ पासून चिनी मालकीची असलेल्या बेनेलीच्या गाड्या काही काळ साताऱ्याजवळ वाईला जोडल्या जात होत्या. म्हणजे देशाच्या नावावरून दर्जा ठरत नाही. दर्जा ठरवते ती जबाबदारी घेणारी कंपनी.

म्हणूनच माझी निवड ठरलेली आहे. टीटी २५० कॅलिफोर्नियातल्या अझुसा गावची सीएससी कंपनी झोंगशेनकडून आणते, थेट ग्राहकाला विकते, सुटे भाग साठ्यात ठेवते आणि दुरुस्तीचं मॅन्युअल देते. बाजारात याहून शे-दोनशे डॉलरने स्वस्त गाडी मिळेल. पण क्लच केबल तुटल्यावर, स्पीडोमीटर बंद पडल्यावर फोन उचलणारं कोणी नसेल, तर ती बचत पहिल्याच वर्षी संपते. सीजीचं इंजिन मालकाच्या अडचणी समोर ठेवून बनवलं गेलं होतं. ते विकणाऱ्यानेही त्याच मालकाचा विचार केलेला असेल, तर गाडी घ्यावी, तिचं तेल वेळेवर बदलावं आणि निर्धास्तपणे चालवावी.