नीरेची परीक्षा

डहाणूच्या किनाऱ्यालगत आणि पालघर जिल्ह्याच्या त्या सबंध मुलखात ताडाची व शिंदीची झाडे जागोजागी दिसतात. हिवाळ्यात सूर्योदयापूर्वी तेथे गेलात, तर कमरेला कोयता लावून झपाझप ताडावर चढणारा माणूस तुमच्या दृष्टीस पडेल. आदल्या संध्याकाळी त्याने ताडाच्या फुलोऱ्याला चीर देऊन खाली मडके बांधलेले असते. रात्रभर त्यात थेंब थेंब रस साठतो. हीच नीरा. ऊन चढले की ती आंबते आणि तिची ताडी होते. म्हणून मडक्याला आतून चुना लावतात व नीरा पहाटेच उतरवितात. शिंदीचा मात्र शेंड्याजवळचा बुंधा तासावा लागतो. तो फार खोल तासला तर झाड खंगते. जाणता माणूस म्हणूनच झाडाला मधून मधून विसावा देतो.

नीरा गोड आहे, हे जीभ सांगते. तिच्यात आणखी काय आहे, हे सांगणे जिभेच्या शक्तीबाहेरचे आहे. भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून हा शोध डॉ. कमलाबाई सोहोनी यांनी हाती घेतला. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यात आला होता. त्यांनी हट्टाने तो मिळविला, आणि १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेची परीक्षा केली. तिच्यात अ व क ही जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे त्यांना आढळले. नीरा आटवून गूळ केला, तरी ही द्रव्ये त्यात उतरतात, हेही दिसून आले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. डहाणू-तलासरीच्या पाड्यांनी कुपोषणाचे दुःख सोसले आहे. तेथे या शोधाचे मोल कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

पण रसात विरघळलेले लोह शोधावे कसे? रीत चुलीसारखीच आहे. लाकूड जळते आणि राख उरते. त्या राखेत झाडाने जमिनीतून शोषलेली खनिजे असतात. प्रयोगशाळेत नीरा आटवून, सुमारे ५५० अंश सेल्सियस तापलेल्या विजेच्या भट्टीत तिची राख करतात. ती आम्लात विरघळवून त्यात पोटॅशियम थायोसायनेट घातले, की लोह असल्यास पाणी लालभडक होते. लाली जितकी गडद, तितके लोह अधिक. कॅल्शियम मोजताना मात्र सावध असावे लागते. मडक्याचा चुना नीरेत उतरलेला असतो. तो ध्यानात घेतला नाही, तर चुन्याचे श्रेय ताडाला मिळेल!

जीवनसत्त्वांची गोष्ट निराळी. भट्टीत ती जळून जातात. क जीवनसत्त्व तर नुसत्या हवेनेही नासते. म्हणून नमुना हाती येताच तो आम्लात मिसळतात. मग एक विशिष्ट निळा रंग त्यात थेंबाथेंबाने सोडतात. क जीवनसत्त्व शिल्लक आहे तोवर रंग नाहीसा होतो. ते संपले, की पुढच्या थेंबाने द्रव गुलाबी होतो व तसाच राहतो. किती रंग लागला, यावरून हिशेब मांडतात.

अ जीवनसत्त्व ज्याच्यापासून बनते ते कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही. पावसाळ्यात रानात उगवणाऱ्या टाकळ्याच्या कोवळ्या पानांतून ते काढावयाचे, तर पाने ॲसिटोनसारख्या द्रवात वाटावी लागतात. असे द्रव चटकन पेट घेतात, आणि ते ओतून दिले तर पाणी व माती नासते. अन्नाची परीक्षा करताना अन्न देणारी भूमीच बिघडवावी, हे शहाणपणाचे नव्हे. आता पुष्कळ ठिकाणी हे द्रव वाफ करून पुन्हा गोळा करतात व पुनःपुन्हा वापरतात. कोठे उसाच्या मळीपासून केलेले अल्कोहोल घेतात. तिसरी युक्ती मोठी चतुर आहे. कार्बन डायऑक्साइड वायू ३१ अंशांहून अधिक तापवून हवेच्या दाबाच्या ७३ पटींहून अधिक दाबला, की तो धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही. या अवस्थेत तो कॅरोटीन विरघळवितो. दाब काढताच तो उडून जातो, आणि भांड्याच्या तळाशी नारिंगी रंगाचे कॅरोटीन तेवढे मागे राहते.